किटलीवरची टिकली

१६ जानेवारी, शुक्रवार
मी. बं.

म्हणजे मीटर बंद. रोज रोज पुरं लिहायचा कंटाळा येते, आजपासून एवढंच लिहीन.

पिपरीची सारी पोट्टी शाळेत सोडली. सुटी होयेपर्यंत व्हॅन शाळेमागच्या कडुनिंबाखाली. हे मागच्या सीटवर पाय दुमडून झोपले, मी समोर बसून लिहून राह्यली. चालवायचं काम ह्यांचं. चढवा-उतरवायचं, डब्बे सांभाळायचं, नाकं पुसायचं काम माहं. अन् वरून आणखी एक काम येऊन पडलं, ते म्हणजे मीटर होयाचं.

स्पीडचा काटा तीन वर्षांपासून झिरोवर बसला आहे. पेट्रोलचा काटा सदा फुल. आमच्या नशिबात काई फुल असन तं तेवढंच. किलोमीटरचे आकडे मन झालं तं फिरते, नाई तं नाई. म्हणून हे विचारते, "किती?" सीटखालीच इंजिन, त्याचा आवाज ऐकते मी, बाहेरची झाडं पाहते अन् सांगते, "चाळीस." एक डाव ह्यांच्या लहान्या भावानं, केळझरच्या विनोद भाऊजींनं, मोबाइलवर लावून पाह्यलं. मी चाळीस म्हणलं, मोबाइलनं एक्केचाळीस. तेव्हापासून हे गावभर सांगत फिरते, आमच्या गाडीचं मीटर जेवते बी अन् भांडते बी.

१९ जानेवारी, सोमवार
मी. बं. अन् किटली चारदा.

मीटरच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल लाइट आहे. इंजिनातलं तेल संपाले आलं की लागते. चित्र झारीचं आहे म्हणते, पण पोट्ट्यायले ते चहाची किटली दिसते. आता आमीबी किटलीच म्हणतो. तं ही किटली मर्जीची मालकीण. गचका बसला की लागते, वळण आलं की लागते. लागली की मागून वानरसेना, "काका, किटली! काका, किटली!" मंग हे डॅशबोर्डवर थाप मारते. थापेनं विझली तं खोटी. थापेनं नाई विझली तं खरी, तिथीसाच गाडी उभी करायची. हा ह्यांचा कायदा. आजवर एक डावबी खरी निघाली नाई.

म्हणलं, कोणाले दाखवून तं द्या मीटर. म्हणे, उन्हाळ्याच्या सुटीत पाहू. असे तीन उन्हाळे झाले.

२४ जानेवारी, शनिवार
शेजारी हळदीकुंकू. वाण म्हणून टिकल्यायचं पाकीट. मरून रंग, सोनेरी कड, अन् एक एक एवढी मोठी का मी लावली तं कपाळच दिसाचं नाई. मी तं मोहरीएवढी लावणारी बाई. पर्समध्ये टाकून ठेवलं पाकीट.

२७ जानेवारी, मंगळवार
आज पुलाजवळ किटली लागली. ह्यांनी अशी थाप हाणली की मागची के.जी.तली लहानी पोट्टी दचकून रडाले लागली. तिले मांडीवर घ्या, पाणी पाजा, तवर दुसरी रडाले लागली. माहं डोकं फिरलं. पर्समधून ती मोठी टिकली काढली अन् देली चिकटवून किटलीवर. बरोब्बर बसली, मापाची असल्यावानी. लागली काय, विझली काय, दिसणंच बंद.

हे हासले. "आता किटलीचं लगन झालं."

म्हणलं, "हव, लगन झालं की तोंड बंदच होते."

पण हे रविवारच्या रविवारी टिकली उचलून पाहीन म्हणते. पाहा बाप्पा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मी. बं. चतुर्थी. दुपारची खेप करून केळझरले.

दर चतुर्थीचा नेम आहे हा. आधी गणपतीचं दर्शन, मंग भाऊजीच्या घरी. जाऊबाईनं, सवितानं, पाटोडीची भाजी केलती, उपास सोडाले. भाऊजी सहा वर्षांचे होते तेव्हा सासूबाई गेल्या. ह्यांनीच वाढवलं, न्हाऊ घातलं, शाळेत बसवलं. देवळाचा चढ भाऊजी अजूनबी ह्यांच्या मागं मागं चढते, पुढं नाई जात. वावर भाऊजीकडं, गाडी आमच्याकडं. कोणाले कधी काई लिहून द्या लागलं नाई.

रोज सकाळी चहाच्या वक्ताले दोघांचा फोन. काय बोलते म्हणान तं, "उठला का?" "उठलो." "चहा झाला?" "होऊन राह्यला." "ठेवू?" "ठेव." एवढंच. पण फोन नाई आला तं ह्यांले चहा गोड लागत नाई.

येताना "किती?" "पन्नास." "जास्त सांगून राह्यली." "मंग कमी करा ना, मले कायले विचारता!" हासत हासत घर आलं.

८ फेब्रुवारी, रविवार
हे घरीच तेल बदलून राह्यले. गाडीखाली निजलेले, निस्ते पाय बाहेर. आमचा पाना सापडला नाई, शेजाऱ्याचा आणला, थोडा मोठा होता. "चालते," म्हणे. मी इकडून तीन डाव हाक मारली, भाकरी गार होऊन राह्यली म्हणून. हात पुसत आले बिचारे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
भाऊजींचा फोन. सविताच्या भाच्याचं लग्न, आर्वीकडं. शनिवारी गाडी नेतो, रविवारी परत.

"विचारतो काय बे? गाडी काय माही एकट्याची आहे?"

फोन ठेवून मले म्हणे, "शनिवारी शाळेत ड्रायवरायची मीटिंग आहे, मी घरी नसन. टिकली काढून देजो अन् थापेचं नीट समजावून सांगजो. त्याले ठाऊक नाई."

म्हणलं, "हव, सांगते." मले काय लहान पोट्टी समजते काय माहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार
भाऊजी येऊन गाडी घेऊन गेले. मी सकाळपासून रोडगे भाजण्यात गुंतलेली, लग्नघरी द्यायले म्हणून. डब्बा बांधून देला. दारात शेजारीण उभी, तिचं आपलं चालूच, नळ आला का अन् नळ गेला का.

भाऊजी गाडीत बसले अन् हासाले लागले. "हे काय वयनी, मीटरले टिकली?"

म्हणलं, "नजर लागू नये म्हणून! गाडी लय देखणी आहे ना आमची!"

शेजारीणबी हासली. भाऊजींनं टिकलीले बोट लावलं, कपाळाले लावलं अन् गेले.

आता लिहिता लिहिता ध्यानात येते. टिकली काढायची राहूनच गेली. थापेचंबी राह्यलं. फोन करू का? रस्त्यावर असतीन, चालवता चालवता फोन कायले. उद्या करीन.

१५ फेब्रुवारी, रविवार
फोन राह्यला. माहेरचे पाहुणे आलते. आता तं ते परत येत असतीन.

१६ फेब्रुवारी, सोमवार
गाडी आली. दोर बांधून, दुसऱ्या गाडीच्या मागं.

काल संध्याकाळी आर्वी रोडवर बंद पडली. इंजिन जाम. गाडीतल्या बायापोरायले एस.टी.त बसवून देलं अन् भाऊजी एकटेच रातभर गाडीपाशी बसून राह्यले. डोळे लाल झालते त्यांचे.

गाडी आंगणात लागल्याबरोबर मी पहिले आत घुसली. काऊन घुसली ते माह्याशिवाय कोणाले ठाऊक नाई. टिकली काढाले. टिकली नोतीच. किटलीवर निस्ता एक गोल चिकट डाग.

पडली असन म्हणलं. उन्हानं गळून पडली असन. सीटखाली पाह्यलं, पायदानात पाह्यलं. नाई.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
काल लिहिल्या गेलं नाई ते आज लिहिते. लिहाच लागन.

मिस्त्री आला, गाडीखाली पाह्यलं. म्हणे, खालचा नट ढिला होता, तेल सारं गळून गेलं. तेलाचा लाइट लागलाच असन. तेव्हाच उभी केली असती तं काईच नसतं झालं. तसंच दामटलं, म्हणून इंजिन गेलं.

हे भाऊजीकडं फिरले. इतक्या वर्षांत मी ह्यांचा तो आवाज ऐकला नोता. "किटली लागली नाई का?"

भाऊजींचा हात शर्टाच्या खिशापाशी गेला.

"तुह्या वयनीनं सांगितलं होतं ना तुले? थापेनं नाई विझली तं गाडी उभी करायची?"

मी तुळशीपाशी उभी होती. तोंड उघडलं मी, देवाशपथ उघडलं. आवाज निघाला नाई. भाऊजींनं माह्याकडं पाह्यलं. एकच डाव. अन् म्हणे, "हव दादा. सांगितलं होतं वयनीनं."

"मंग नजर कुठं होती तुही?"

"चुकलंच माहं. ध्यान नोतं."

"ध्यान नोतं? माह्या रोजीरोटीचं वाटोळं केलं अन् म्हणते ध्यान नोतं? जाय. तोंड दाखवू नको मले."

मिस्त्रीसमोर, गल्लीतल्या लोकांसमोर. भाऊजी पायी पायी निघाले स्टँडकडं. पाणीबी नाई प्याले माह्या घरचं. अन् मी, जी दिवसभर कोणाले बोलू देत नाई, तिथीसाच उभी राह्यली मुकी होऊन.

१८ फेब्रुवारी
सकाळी फोन वाजला नाई.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
पोट्टी ऑटोतून जाऊन राह्यली. दोन घरांनी आमची गाडी सोडली. ह्यांले सांगून सोडली असती तं बरं होतं, ऑटोवाल्याकडूनच समजलं.

आज सांगते, उद्या सांगते, असं करून राह्यली मी. जेवाले बसले की वाटते, जेवू दे आधी सुखानं. जेवून उठले की वाटते, आता कुठं पोटात पडलं. नजर लागू नये म्हणून, म्हणे! लय मोठी विनोदी बाई मी. हासवाले गेली अन् काय होऊन बसलं. जिभेले हाड नाई म्हणते तं खोटं नाई. एक वाक्य होतं सांगायचं. रोडग्यात मीठ बरोबर टाकलं, ते नाई विसरली. ते वाक्य विसरली.

१ मार्च, रविवार
हे बोलत नाई. माह्याशी नाई असं नाई, कोणाशीच. मिस्त्रीकडं जाते, इंजिन खोललं आहे तिथं स्टुलावर बसून राह्यते, परत येते. चहाच्या वक्ताले मोबाइल उलटा करून ठेवते. वाजला तं दिसू नये म्हणून, का नाई वाजला तं दिसू नये म्हणून, ते काई मले समजलं नाई.

म्हणलं, "भाऊजीले करता का फोन?"

"कायले?"

मी कपबशी उचलून आत गेली.

६ मार्च, शुक्रवार
चतुर्थी. दोघांचाबी उपास. केळझरचं नाव कोणी काढलं नाई. दुपारी ह्यांनी धुतलेला शर्ट घातला, आंगणात जाऊन उभे राह्यले. जरा वेळानं येऊन शर्ट काढून खुंटीले टांगला. मी पाह्यलं अन् नाई पाह्यल्यासारखं केलं.

१४ मार्च, शनिवार
इंजिन बसलं. आता हे मीटरच्या मागं लागले. म्हणे, पहिले मीटर, मंग रस्ता. हेच तीन वर्षांपासून सांगून राह्यली होती मी, पण तोंड कुठं राह्यलं आता मले सांगायले.

स्टँडच्या मागच्या गल्लीत मीटरचं काम करते एक जण. मीबी सोबत गेली. त्यानं स्टेअरिंगपुढचा पत्रा खोलला, मीटर उपसून काढलं. आमचं मीटर असं हातात पहिल्यांदाच पाह्यलं. समोरून केवढा डौल, मागून निस्ती एक पातळ पट्टी, तिच्यावर तांब्याच्या रेघा. त्यातली एक रेघ तुटलेली. केसाएवढी. त्यानं काच लावून दाखवली तेव्हा कुठं दिसली.

"एवढंच?" हे म्हणाले.

"एवढंच. गचका बसला की सुटते, थाप मारली की टेकते." त्यानं कथलाचा डाग देऊन रेघ जोडली. स्पीडची केबल बदलली, ती आतून तुटून होती. पेट्रोलच्या काट्याची तार जोडली. चहा येऊन संपेपर्यंत झालं सारं. एवढ्याशा कामासाठी आमी तीन वर्ष थापा मारल्या.

मी विचारलं, "अन् तेलाचा लाइट?"

"आता खोटा नाई लागाचा ताई. लागला तं समजाचं, खरंच."

हे खाली पाहून राह्यले.

१६ मार्च, सोमवार
मी. चालू.

पहिल्यांदाच लिहिते हे दोन शब्द. पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. काटा उठला, वीस, तीस. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला, म्हणजे खरं बोलाले लागला. किल्ली फिरवली की किटली लागते, गाडी चालू झाली की गुमान विझते. शहाण्या लेकरासारखी.

दिवसभरात ह्यांनी एक डावबी "किती?" विचारलं नाई. विचारतीन कायले, काटा समोर आहे. मी आपली मनातच सांगत राह्यली. पस्तीस. चाळीस. काट्याशी जुळून राह्यलं होतं. पण ऐकाले कोणी नोतं. रडू आलं मले, खोटं कायले लिहू. खिडकीकडं तोंड केलं.

२३ मार्च, सोमवार
मी. चालू. बोलणं बंद.

२८ मार्च, शनिवार
सविताचा फोन आलता, कुरड्या घालायच्या आहे, येता का ताई. दरसाल आमी दोघी मिळून घालतो. ह्यांले विचारलं. "जायचं तं जाय. मी येत नाई." एस.टी.नं गेली.

चीक हाटून झाला. हात धुवाले मोरीपाशी गेली. तिथं भिंतीवर आरसा. आरशाच्या कोपऱ्यात टिकली. मोठी. मरून. सोनेरी कड. सविता तं लावते बारीक काळी.

ओल्या हातानंच मी टिकलीले बोट लावलं.

सविता मागं येऊन उभी. "वळखली का? गाडी बंद पडली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांच्या शर्टाच्या खिशात निघाली. मी म्हणलं, काय हो, दुसऱ्या बाईची टिकली खिशात! तं म्हणे, वयनीची आहे. लाव तिथं आरशाले. नजर लागू नये म्हणून."

म्हणजे तिलेबी काई ठाऊक नाई. तिलेबी नाई सांगितलं त्यांनी.

भाऊजी वावरातून जेवाले आले. मले पाहून दारातच थबकले. पहिला शब्द, "वयनी, दादा बरा आहे ना?"

सविता ताट वाढाले आत गेली तेव्हा विचारलं. "भाऊजी, तुमी काऊन खोटं बोल्ले?"

खाली पाहून पायाची माती झटकत राह्यले. मंग म्हणे, "इंजिन बंद पडलं तेव्हा अंधारून आलतं. टिकलीच्या कडेकडेनं लाल दिसलं मले. मंग समजलं. काढून खिशात टाकली."

"अन् दादाले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? दादा माह्यावर चिडला तं चार दिवस चिडन. तुमच्यावर चिडला तं घरात रोजचं झालं. माहं काय, मी इकडं केळझरले राह्यतो."

"चार दिवस कुठं? दीड महिना होऊन राह्यला."

"हव," म्हणे. "तिथीसा चुकलो मी." अन् हासले. ते हासणं पाहवलं नाई मले. दोन घास कसेबसे खाल्ले अन् निघाली.

३१ मार्च, मंगळवार
आज सांगायचंच म्हणून ठरवलं होतं. कडुनिंबाखाली गाडी लागली. म्हणलं, "ऐकता का?" "हं." "भाजीले काय आणायचं?" "आण काईबी."

थू माह्या जिनगानीवर.

२ एप्रिल, गुरुवार
सांगितलं.

तिथीसाच, कडुनिंबाखाली. हे मागच्या सीटवर, मी समोर. तोंडाकडं पाहून सांगवलंच नसतं, म्हणून मीटरकडं पाहत सांगितलं. टिकली मी काढलीच नाई. थापेचं मी सांगितलंच नाई. नजर लागू नये म्हणून काय ते बोलली, तेबी सांगितलं. भाऊजींनं माह्यासाठी खोटं सांगितलं, टिकली खिशात लपवून नेली, तेबी.

वाटलं झोपले का काय. वळून पाह्यलं, तं उठून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर.

म्हणाले, "नट म्याच आवळला होता."

मले पहिले समजलंच नाई.

"तेल बदललं त्या रविवारी. शेजाऱ्याचा पाना मोठा होता, नीट बसत नोता. तू हाका मारून राह्यली होती. म्हणलं, जेवून येतो, मंग पुन्हा आवळतो. जेवलो अन् झोपलो." मंग म्हणे, "मिस्त्रीनं नटाचं नाव काढलं, तेव्हाच समजलं होतं मले. गाडीखालून त्याचं मुंडकं बाहेर निघाच्या आधीच."

"मंग भाऊजीवर काऊन ओरडले एवढे?"

"म्हणूनच."

मी चूप बसली, हे ओरडले, अन् तिघायपैकी ज्याची काईच चूक नाई तोच एक चुकलो म्हणून पायी निघून गेला. तीन वर्ष मीटर खोटं बोलते म्हणून आमी त्याले थापा मारल्या. आमाले मारणारं कोणी नोतं.

सुटीची घंटा वाजली. पोट्टी आली. डब्बे, बाटल्या, रडणं. कामाले लागलो दोघंबी.

३ एप्रिल, शुक्रवार
हे सकाळी मोबाइल हातात घेऊन बसले. चहा गार झाला. लावला नाई. म्हणे, "फोनवर नाई होत."

५ एप्रिल, रविवार
चतुर्थी.

सकाळीच म्हणाले, "चाल." मी रोडगे केलते, न सांगता. डब्बा पाह्यला, उचलून गाडीत ठेवला.

ऊन असं की रस्ता पांढरा दिसून राह्यला होता. काटा समोर हालून राह्यला होता, बरोबर. सेलू मागं टाकलं अन् एकदम समोर पाहतच म्हणाले, "किती?"

मीटर चालू होतं. त्यांले दिसून राह्यलं होतं, मलेबी दिसून राह्यलं होतं. मी डोळे मिटले, आवाज ऐकला. म्हणलं, "पंचेचाळीस."

"पन्नास आहे."

"तुमचं मीटर पुढं पळते."

हासले नाई, पण हूं म्हणाले. दीड महिन्यानंतरचा असा पहिला हूं.

केळझर आलं. देवळाकडं नाई वळवली गाडी. म्हणे, "दर्शन मागून. आधी घर." भाऊजीच्या दारासमोर उभी केली. इंजिन गचका खाऊन बंद पडलं, किल्ली चालूच राह्यली. किटली लागली, लाल.

भाऊजी आवाजानं बाहेर आले. दारातच उभे राह्यले, हाताले माती, ना पुढं ना मागं. मागून सवितानं डोकावून पाह्यलं. कोणी "या" म्हणलं नाई. ह्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवरच. उतरतच नाई. मी म्हणलं, "चला ना." नाई. घामाघूम झालते. चारदा बोलाले तोंड उघडलं अन् मिटलं, जसं मी तुळशीपाशी मिटलं होतं.

मंग काय झालं कोण जाणे, जुन्या सवयीनं हात उचलला अन् डॅशबोर्डवर थाप मारली. जोरात. भाऊजी तिकडं दचकले.

किटली विझली नाई.

हे तिच्याकडं पाहत राह्यले. मंग दार उघडून खाली उतरले. भाऊजी एक पाऊल पुढं आले, थांबले. हेबी थांबले, मधात आंगण. मी रोडग्यांचा डब्बा मांडीवर घेऊन गाडीतच बसून आहे. हे लिहून राह्यली तेव्हाबी दोघं तिथीसाच उभे आहे.